कोयनेचा कातळ आणि अणूच्या आतल्या रेषा

कोयनानगरला लागून असलेल्या रासाटी गावात हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने १,५२२ मीटर खोल बोअरहोल घेतलं. हिऱ्याचे कण बसवलेला पोकळ बिट खडक गोल कापत खाली जातो आणि कापलेला दंडगोल, ज्याला तिथली माणसं ‘कोअर’ म्हणतात, तो तुकड्यातुकड्याने वर येतो. रासाटीत सुमारे ९३० मीटरपर्यंत दख्खनचा काळा बेसाल्टच येत राहिला. मग एकदम फिकट, दाणेदार ग्रॅनाइटी खडक लागला. दोन्हींच्या मध्ये गाळाचा थर सापडला नाही. लाव्हा थेट जुन्या ग्रॅनाइटवर पसरला होता. पुढे २०१७ साली गोठणे इथे याच प्रकल्पातलं पथदर्शी बोअरहोल तीन किलोमीटर खोल गेलं. तिथे बेसाल्टची जाडी सुमारे १,२५० मीटर भरली.

एवढा खटाटोप कशासाठी, हे पाटण तालुक्यात कुणाला सांगावं लागत नाही. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला, पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली आणि कोयनानगर उद्ध्वस्त झालं. शिवसागर जलाशय त्याआधी पाचेक वर्षांपासून भरू लागला होता. जलाशयाशी निगडित भूकंपांचं जगातलं सर्वांत ठळक उदाहरण म्हणून आज कोयनेकडे पाहिलं जातं. धक्क्यांचा हा पट्टा दक्षिणेला सांगली जिल्ह्याच्या सीमेवरच्या वारणा धरणापर्यंत पोचतो आणि लहानमोठे धक्के अजून बसतच असतात. जमिनीखालचे भ्रंश कुठे आहेत आणि त्यांच्या दोन्ही बाजूंचा खडक किती सरकला आहे, हे समजायचं तर खडकाचे थर ओळखता आले पाहिजेत.

इथेच घोडं अडतं. बेसाल्टचे थर एकमेकांसारखेच दिसतात. एक लाव्हाप्रवाह, त्यावर दुसरा, मध्ये कधी लालसर मातकट पट्टा, पुन्हा काळा कातळ. एका बोअरहोलमधला चारशे मीटरवरचा थर आणि दहा किलोमीटरवरच्या दुसऱ्या बोअरहोलमधला सहाशे मीटरवरचा थर एकाच प्रवाहाचे आहेत का, हे नुसत्या नजरेने सांगता येत नाही. त्याचं उत्तर खडकातल्या मूलद्रव्यांच्या प्रमाणात आहे, आणि ते प्रमाण मोजण्याची एक भरवशाची पद्धत क्ष-किरणांवर उभी आहे. एक्स-रे फ्लुओरोसन्स असं तिचं नाव. प्रयोगशाळेत तिला एक्सआरएफ म्हणतात.

नळीच्या आत काय घडतं

क्ष-किरणांचा शोध विल्हेल्म रोंटगेन यांनी ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतल्या वुर्त्सबुर्ग इथे लावला. काळ्या पुठ्ठ्याने झाकलेल्या विद्युत-नळीपासून दूर ठेवलेला बेरियमच्या संयुगाचा पडदा अंधारात चमकू लागला, आणि नळीतून काहीतरी अदृश्य बाहेर पडतंय हे त्यांच्या ध्यानात आलं. भौतिकशास्त्राचं पहिलं नोबेल १९०१ साली त्यांनाच मिळालं.

आजची नळी त्या नळीपेक्षा सुधारलेली असली तरी तत्त्व तेच आहे. निर्वात नळीत एका बाजूला टंगस्टनची तार तापवतात. तापलेल्या तारेतून इलेक्ट्रॉन सुटतात. समोर धातूचं धनाग्र असतं आणि दोघांमध्ये हजारो व्होल्टचा दाब. समजा, हा दाब ५० हजार व्होल्ट आहे. मग धनाग्रावर आदळेपर्यंत इलेक्ट्रॉनचा वेग सेकंदाला सुमारे १ लाख २४ हजार किलोमीटर होतो, म्हणजे प्रकाशाच्या वेगाच्या ४१ टक्के. त्याच्याकडची ऊर्जा ५० किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. व्होल्टचा आकडा आणि ऊर्जेचा आकडा असा थेट जुळावा म्हणूनच हे एकक वापरतात.

आदळल्यावर त्यातली बहुतेक ऊर्जा धातू तापवण्यात जाते. क्ष-किरणांच्या वाट्याला एक टक्काही येत नाही. म्हणून धनाग्राला पाणी फिरवून गार ठेवावं लागतं किंवा ते गरगर फिरतं ठेवावं लागतं. जे काही क्ष-किरण निर्माण होतात, ते दोन अगदी वेगळ्या घटनांमधून येतात.

पहिली घटना अशी. वेगवान इलेक्ट्रॉन धनाग्रातल्या एखाद्या अणुकेंद्राजवळून जातो. केंद्राचा धनभार त्याला ओढतो, त्याची वाट वळते, वेग घटतो आणि गमावलेली ऊर्जा किरणाच्या रूपात बाहेर पडते. कुणी केंद्राच्या अगदी जवळून जातो, कुणी लांबून. म्हणून कुणी थोडी ऊर्जा गमावतो, कुणी बरीच. परिणामी सर्व ऊर्जांचे किरण मिळतात आणि सलग वर्णपट तयार होतो. त्याला वरची हद्द मात्र पक्की असते. इलेक्ट्रॉनने आपली सगळी ऊर्जा एकाच किरणाला देऊन टाकली तरी तो किरण ५० किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या वर जाऊ शकत नाही. ही हद्द ड्युएन आणि हंट यांनी १९१५ साली मोजून दाखवली. प्रकाश पुंजांच्या रूपात येतो, या कल्पनेचा तो एक ठळक पुरावा ठरला.

दुसरी घटना अणूच्या आत शिरते. इलेक्ट्रॉन केंद्राभोवती कवचांमध्ये असतात. सर्वांत आतलं ‘के’ कवच, त्याबाहेर ‘एल’, त्याबाहेर ‘एम’. बाहेरून आलेल्या इलेक्ट्रॉनने ‘के’ कवचातला एक इलेक्ट्रॉन पार उडवून दिला, तर तिथे रिकामी जागा पडते. ती फार काळ रिकामी राहत नाही. लोखंडाच्या अणूत ती भरून निघायला लागणारा वेळ इतका थोडा, की तेवढ्यात प्रकाशसुद्धा एक मायक्रोमीटर पुढे जात नाही. ‘एल’ कवचातला इलेक्ट्रॉन आत उतरला तर जो किरण सुटतो त्याला के-आल्फा म्हणतात. ‘एम’मधून उतरला तर के-बीटा. दोन कवचांच्या ऊर्जेतला फरक ठरलेला असतो, म्हणून किरणाची ऊर्जाही ठरलेली. लोखंडाची के-आल्फा रेषा ६.४० आणि के-बीटा ७.०६ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टवर येते. तांब्याची के-आल्फा ८.०५वर. यांना लाक्षणिक रेषा म्हणतात, कारण त्या त्या मूलद्रव्याचंच लक्षण असतात.

वर्णपटाचा आलेख काढला की दोन्ही घटना एकत्र दिसतात. सलग किरणांचा चढउतार सह्याद्रीच्या पठारासारखा पसरलेला, आणि त्यावर लाक्षणिक रेषांचे सुळके.

सुळके उगवायला एक अट मात्र आहे. आतला इलेक्ट्रॉन उडवण्याइतकी ऊर्जा आधी यावी लागते. टंगस्टनच्या ‘के’ कवचातून इलेक्ट्रॉन काढायला ६९.५ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. म्हणून रुग्णालयातल्या टंगस्टनच्या नळीवर ६० हजार व्होल्टचा दाब दिला, तर त्या किरणांमध्ये टंगस्टनच्या ‘के’ रेषा येतच नाहीत. हाडाचं चित्र निघतं ते मुख्यतः सलग किरणांवर. खडकाच्या विश्लेषणात सगळी मदार सुळक्यांवर असते.

मोस्ली यांचा सरळ हिशेब

या लाक्षणिक किरणांची पहिली नोंद चार्ल्स बार्क्ला यांनी केली. ‘के’ आणि ‘एल’ ही नावंही त्यांचीच. १९१७चं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं. पण या रेषांचा खरा अर्थ लावला तो हेन्री मोस्ली या पंचविशीतल्या तरुणाने. १९१३ साली मँचेस्टरमध्ये त्यांनी एका निर्वात नळीत छोट्या गाडीवर वेगवेगळी मूलद्रव्यं ठेवली आणि एकेक करून इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याखाली आणली. निघणारे क्ष-किरण स्फटिकावरून परावर्तित करून छायाचित्रण-पट्टीवर टिपले. कॅल्शियम, टायटॅनियम, व्हॅनेडियम, क्रोमियम, मँगॅनीज, लोखंड, कोबाल्ट, निकेल, तांबं, जस्त, अशी ती ओळ होती. प्रत्येक पुढच्या मूलद्रव्याची रेषा ठरावीक टप्प्याने पुढे सरकत होती.

हा टप्पा कुणालाही तपासून पाहता येतो. अणुक्रमांकातून एक वजा करा, उत्तराचा वर्ग करा आणि त्याला १०.२ने गुणा. लोखंडाचा अणुक्रमांक २६. एक वजा केल्यावर २५, त्याचा वर्ग ६२५, गुणाकार ६,३७५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. प्रत्यक्ष मोजमाप सुमारे ६,४००. अर्ध्या टक्क्याच्या आत उत्तर येतं. १०.२ हा आकडाही कुठून आला ते कळण्यासारखं आहे. हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन काढायला १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. दुसऱ्या कक्षेतून पहिल्या कक्षेत उतरताना त्यातला तीन-चतुर्थांश भाग बाहेर पडतो, म्हणजे १०.२. एक वजा करायचं कारण असं, की ‘के’ कवचात उरलेला एक इलेक्ट्रॉन केंद्राचा एका एककाइतका भार झाकून टाकतो. नील्स बोर यांनी त्याच वर्षी मांडलेलं हायड्रोजनचं गणित लोखंडाच्या पोटात जाऊनही लागू पडत होतं.

यामुळे मूलद्रव्यांची रांग कायमची लागली. तोवर ती अणुभारावर लावत. कोबाल्टचा अणुभार ५८.९३ आणि निकेलचा ५८.६९, त्या हिशेबाने निकेल आधी यायला हवं होतं, आणि रसायनशास्त्र मात्र उलट सांगत होतं. मोस्ली यांच्या रेषांनी कोबाल्टला २७ आणि निकेलला २८ क्रमांक दिला. ४३, ६१ आणि ७५ या रिकाम्या जागाही त्यांनी दाखवून दिल्या. पहिल्या महायुद्धात १० ऑगस्ट १९१५ रोजी गॅलिपोलीच्या रणभूमीवर वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी ते मारले गेले. त्यांच्या मृत्यूने विज्ञानाची जी हानी झाली ती कधीच भरून निघाली नाही. त्यांची पद्धत मात्र चालत राहिली. १९२३ साली कोपनहेगनमध्ये कोस्टर आणि हेवेशी यांनी झिर्कोनियमच्या खनिजात ७२ क्रमांकाचं हाफ्नियम शोधलं, ते क्ष-किरणांच्या रेषा पाहूनच.

कातळाचा वर्णपट

एक्सआरएफमध्ये खडकावर इलेक्ट्रॉन सोडत नाहीत, क्ष-किरणच सोडतात. त्यांनी अणूच्या आतला इलेक्ट्रॉन उडवला की पुढची गोष्ट तीच. अशा यंत्रांच्या नळीत धनाग्र बहुधा ऱ्होडियमचं असतं. ऱ्होडियम खडकात जवळजवळ नसतंच, त्यामुळे त्याच्या स्वतःच्या रेषा मोजणीत घोटाळा करत नाहीत. शिवाय त्याची २०.२वरची ‘के’ रेषा स्ट्रॉन्शियम, झिर्कोनियम यांना जागं करते, आणि २.७वरची ‘एल’ रेषा सिलिकॉन, ॲल्युमिनियम यांना.

कोअरचा तुकडा आधी फोडून पिठासारखा बारीक दळतात. त्या पुडीची दाबून वडी करतात, किंवा ती लिथियम टेट्राबोरेटमध्ये मिसळून, प्लॅटिनमच्या मुशीत हजार अंशांहून अधिक तापमानाला वितळवून काचेची चकती ओततात. ही काळजी अनाठायी नाही. सोडियमचा किरण जेमतेम १.०४ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टचा, तो खडकाच्या वरच्या काही मायक्रोमीटरमधूनच बाहेर पडू शकतो. स्ट्रॉन्शियमचा १४.२चा किरण मिलिमीटरच्या अंशाइतक्या खोलीतून निघतो. दाणे भरड राहिले तर सोडियमची मोजणी पृष्ठभागावर योगायोगाने आलेल्या दोन-चार दाण्यांवर अवलंबून राहील. सोडियमचा किरण हवेतही विरून जातो, म्हणून यंत्र आतून निर्वात ठेवावं लागतं.

हलक्या मूलद्रव्यांची आणखी एक अडचण आहे. रिकामी जागा भरताना सुटलेली ऊर्जा दर वेळी किरण होऊन येत नाही; कधी ती त्याच अणूतल्या दुसऱ्या इलेक्ट्रॉनला बाहेर फेकते. याला ऑजे परिणाम म्हणतात. स्ट्रॉन्शियममध्ये दोन-तृतीयांश वेळा तरी किरण मिळतो, लोखंडात साधारण एक-तृतीयांश वेळा, आणि सोडियममध्ये शंभरांतून दोन-तीनदा. म्हणून सुळक्याची उंची म्हणजे थेट प्रमाण असं धरून चालत नाही. ज्यांचं रसायन पक्कं माहीत आहे अशा प्रमाणित खडकांशी ताडून, एका मूलद्रव्याचे किरण दुसऱ्याने किती गिळले याचा हिशेब करूनच आकडा काढतात.

नमुन्यातून निघालेले किरण वेगळे करायला लिथियम फ्लोराइडचा स्फटिक वापरतात. स्फटिकातले अणूंचे थर प्रत्येक तरंगलांबी ठरलेल्या कोनातच परावर्तित करतात. या स्फटिकाच्या नेहमीच्या कापावर लोखंडाची के-आल्फा ५७.५ अंशांवर मिळते आणि स्ट्रॉन्शियमची सुमारे २५ अंशांवर. शोधक हळूहळू फिरत जातो आणि प्रत्येक कोनात किरण मोजतो.

दख्खनच्या बेसाल्टमध्ये या स्फटिकाची खरी परीक्षा होते ती टायटॅनियम आणि बेरियमपाशी. टायटॅनियमची के-आल्फा ४.५१ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टवर आहे. बेरियम खूप जड, त्याच्या ‘के’ रेषा ३२च्या पुढे. पण त्याची एल-आल्फा रेषा ४.४७वर येते. म्हणजे २२ क्रमांकाच्या आणि ५६ क्रमांकाच्या मूलद्रव्यांच्या रेषा एकमेकींना खेटून उभ्या. त्यात बेसाल्टमध्ये टायटॅनियम टक्क्यांनी आणि बेरियम दशलक्षात शे-दोनशे भाग. हातात धरायच्या छोट्या यंत्रांमधल्या सिलिकॉन शोधकाला या दोन रेषा वेगळ्या करता येत नाहीत. लिथियम फ्लोराइडच्या स्फटिकावर मात्र टायटॅनियम ८६.१ आणि बेरियम ८७.२ अंशांवर मिळतं. एका अंशाचं हे अंतर मिळालं तरच बेरियमचा आकडा विश्वासाने लिहिता येतो.

थरांची नावं आणि त्यांची लक्षणं

हा आकडा इतका मोलाचा का, हे १९८०च्या दशकात स्पष्ट झालं. मुंबई आयआयटीचे के. व्ही. सुब्बाराव, ऑक्सफर्डचे कीथ कॉक्स, अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाचे पीटर हूपर आणि त्यांचे सहकारी यांनी घाटाघाटांतून थरागणिक नमुने गोळा केले, त्यांतली मूलद्रव्यं मोजली आणि सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या या लाव्हाची वर्गवारी लावली. या थरसमूहांना नावं मिळाली ती आपल्या गावांची: तळाकडून जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर, पन्हाळा.

प्रत्येक समूहाचं रसायन वेगळं. बुशे थरांत टायटॅनियम कमी आणि सिलिका जास्त, कारण तो लाव्हा वर येताना कवचातला जुना खडक बराच पचवून आला होता. आंबेनळीच्या लाव्हात अशी भेसळ सर्वांत थोडी; तिथे बेरियम उतरतं. महाबळेश्वरच्या थरांत स्ट्रॉन्शियम आणि पोटॅशियम पुन्हा चढतं. डोळ्यांना सारखेच काळे दिसणारे कातळ आकड्यांमध्ये असे वेगळे पडतात. कोयना परिसरातल्या बोअरहोलमध्ये थर जुळवताना हेच आकडे कामाला येतात. एकच ओळखीचा थर दोन जवळच्या बोअरहोलमध्ये वेगवेगळ्या उंचीवर मिळाला, तर थरांचा मूळचा उतार वजा करून उरलेला फरक भ्रंशाकडे बोट दाखवतो.

हे सगळं शक्य होतं ते एका गोष्टीमुळे. रासायनिक बंध जुळतात ते बाहेरच्या इलेक्ट्रॉनांमधून. ‘के’ कवच इतकं आत असतं, की बाहेरच्या उलाढाली त्याच्यापर्यंत जवळजवळ पोचतच नाहीत. लोखंड बेसाल्टमधल्या पायरॉक्सिन खनिजात असो, दोन प्रवाहांमधल्या लाल थरातल्या हेमॅटाइटमध्ये असो, की काचेच्या चकतीत वितळलेलं असो, त्याची रेषा ६.४०वरच येते. खडक दळला, जाळला, विरघळवला तरी मोजणी त्याच मूलद्रव्याची होते. रंगाने, वजनाने, कठीणपणाने फसवणारा पदार्थ इथे फसवू शकत नाही.

‘जवळजवळ’ हा शब्द मात्र जपून वापरायला हवा. अणू कोणत्या बंधात आहे त्याप्रमाणे आतल्या पातळ्याही किंचित हलतात. हजारो इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये एक-दोन किंवा चार-पाच इतक्या. नागपूर विद्यापीठात प्रा. चिंतामणी मांडे यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी क्ष-किरणांच्या वर्णपटातले असे बारीक बदल अभ्यासण्याची परंपरा उभी केली. इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रातल्या ‘इंडस-२’ या सिंक्रोट्रॉनवर आज हे काम फार अचूक होतं. तिथे २.५ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे इलेक्ट्रॉन वळणदार मार्गावर फिरवून क्ष-किरण मिळवतात. लोखंड दोन इलेक्ट्रॉन गमावलेलं आहे की तीन, हे अशा किरणांनी कळतं. भ्रंशाच्या भेगांमधून पाणी फिरलं असेल तर तिथलं लोखंड गंजतं, तेव्हा कोयनेच्या खडकालाही हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

एक्सआरएफ काय सांगत नाही, तेही नोंदवायला हवं. मूलद्रव्यं किती ते कळतं, पण ती कोणत्या खनिजांत बसली आहेत ते कळत नाही. त्यासाठी क्ष-किरणांचं स्फटिकांवरून होणारं विवर्तन पाहावं लागतं. पुढचा धक्का कधी बसेल हे तर यातलं कुठलंच यंत्र सांगत नाही. कराडजवळ हजारमाचीला केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने भूगर्भ-वेधनासाठी खास प्रयोगशाळा उभी केली आहे. तिथल्या संशोधनात तापमान, दाब, ताण, पाण्याचा प्रवाह अशी अनेक मोजमापं एकत्र येतात. खडकाचं रसायन हा त्या सगळ्याचा पाया आहे. कोणता थर कोणता, हे ठरल्याशिवाय बाकीची मापं कुठे बसवायची ते कळत नाही.

पाटण, कराड, शिराळ्यात बारावीला विज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्याला या पायाचा हिशेब स्वतः करता येतो. टायटॅनियमसाठी २२मधून एक वजा करून वर्ग करा आणि १०.२ने गुणा, ४,४९८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट येतील. बेरियमच्या ‘एल’ रेषेसाठी ५६मधून ७.४ वजा करा, कारण तिथे आतले बरेच इलेक्ट्रॉन केंद्राला झाकतात. मग वर्ग करून १.८९ने गुणा, सुमारे ४,४६० येतील. दोन्ही आकडे शेजारी लिहिले की प्रयोगशाळेत त्या एका अंशासाठी एवढी धडपड का होते, हे कागदावरच कळेल. आपल्या पायाखालचा कातळ समजून घ्यायला लागणारं गणित आपल्याच पाठ्यपुस्तकात आहे, आणि कोयनेच्या मुलांनी ते हक्काने वापरावं.